राउटरमध्येच काही शिरलं असेल तर? घरच्या वायफायची तपासणी, पहिल्या शंकेपासून पुढे

रोजची बातम्यांची साइट उघडली आणि समोर जुगाराचं पान आलं. पुन्हा उघडली, पुन्हा तेच. फोनमध्ये काहीतरी शिरलं असेल म्हणून लॅपटॉप उघडला, तर तिथेही तेच पान. दोन वेगळी यंत्रं एकाच दिवशी, एकाच तऱ्हेने बिघडतील असं सहसा होत नाही. मग दोघांमध्ये सामाईक काय, हे शोधताना नजर जाते ती कोपऱ्यात लुकलुकणाऱ्या राउटरकडे.

इथपर्यंत बरेच जण बरोबर पोचतात. पुढे मात्र गडबड होते. कुणी राउटर बंद-चालू करतो आणि निश्चिंत होतो, कुणी घाबरून नवा घेतो, कुणी फोनवर तीन-तीन अँटिव्हायरस टाकून बसतो. राउटरची सफाई तशी अवघड नाही. सगळा खेळ आहे तो क्रमाचा. आधी काय तपासायचं, मग काय पुसायचं आणि इंटरनेटची तार परत कधी जोडायची, हे उलटसुलट झालं तर तासाभराची मेहनत पाच मिनिटांत वाया जाऊ शकते.

राउटर हा छोटा संगणकच आहे

राउटरला पडदा नाही, कळफलक नाही, म्हणून तो आपल्याला नळाच्या तोटीसारखा वाटतो: जोडला की इंटरनेट येतं. प्रत्यक्षात त्यात प्रोसेसर असतो, मेमरी असते आणि बहुतेक वेळा लिनक्सवर आधारलेली एक कार्यप्रणाली असते. या प्रणालीला फर्मवेअर म्हणतात. संगणक आहे म्हटल्यावर त्यात घातक सॉफ्टवेअर, म्हणजेच मालवेअर, शिरू शकतं, हे ओघाने आलंच.

पुढचं सगळं समजायला राउटरची स्मरणशक्ती कशी चालते ते पाहू. त्याच्याकडे एक पाटी आहे आणि एक वही. पाटी म्हणजे चालू कामाची मेमरी. वीज गेली की पुसली जाते. वही म्हणजे कायमची साठवण. फर्मवेअर तिच्यात लिहिलेलं असतं. या वहीच्या शेवटच्या पानांवर तुमच्या सेटिंग्जच्या नोंदी असतात: वायफायचं नाव, पासवर्ड, कुठलं दार उघडं, कुठलं बंद. मालवेअर या तिन्हींपैकी कुठेही बसू शकतं, आणि ते कुठे बसलंय यावरच कुठला उपाय लागू पडेल हे ठरतं.

‘माझ्या घरी चोरण्यासारखं आहे तरी काय?’

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि तो प्रामाणिक असतो. पण हल्लेखोर तुमचं घर निवडून येत नाही. त्याचं सॉफ्टवेअर इंटरनेटवरच्या लाखो पत्त्यांची दारं एकामागून एक ठोठावत फिरतं आणि जे दार उघडतं तिथे शिरतं.

२०१६ साली ‘मिराई’ नावाच्या मालवेअरने हेच केलं. कारखान्यातून येताना जे पासवर्ड असतात, म्हणजे अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन या थाटाच्या जोड्या, त्यांतल्या साठेक जोड्यांची यादी त्याच्याकडे होती. तेवढ्या भांडवलावर त्याने लाखो कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले. अशा ताब्यातल्या यंत्रांच्या फौजेला बॉटनेट म्हणतात. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशाच फौजेने, साइटचे पत्ते सांगणारी सेवा चालवणाऱ्या ‘डिन’ या कंपनीवर मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या मोठमोठ्या साइट काही तास अनेकांना उघडेनाशा झाल्या. त्या माऱ्यात ज्यांची यंत्रं वापरली गेली, त्यांतल्या बहुतेकांना याचा पत्ताही लागला नसेल.

दुसरा उपयोग जास्त त्रासदायक आहे: तुमचा पत्ता भाड्याने देणं. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने इशारा दिला, की जुने राउटर मालवेअरने ताब्यात घेऊन ‘एनीप्रॉक्सी’ आणि ‘५सॉक्स’ या सेवांमार्फत विकले जात होते. गिऱ्हाईक पैसे भरायचं आणि आपली वाहतूक तुमच्या घराच्या इंटरनेट पत्त्यावरून पाठवायचं. त्याने कुठे फसवणूक केली, तर समोरच्याच्या नोंदीत पत्ता दिसणार तुमचा. चोरण्यासारखं काहीच नसलेल्या घराचाही पत्ता असतोच, आणि चोराला तेवढा पुरतो.

तिसरा उपयोग म्हणजे सुरुवातीचं ते जुगाराचं पान. त्यासाठी डीएनएस म्हणजे काय ते कळायला हवं.

डीएनएस: रस्ता सांगणारा माणूस

आपण साइटचं नाव टाइप करतो, पण यंत्रांना हवा असतो आकड्यांचा पत्ता. नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेला डीएनएस म्हणतात. नाक्यावर उभ्या असलेल्या, सगळ्यांना रस्ता सांगणाऱ्या माणसासारखी ही सेवा असते. कुणाला विचारायचं हे राउटरमध्ये लिहिलेलं असतं, आणि घरातली यंत्रं सहसा राउटर सांगेल त्यालाच विचारतात. हल्लेखोराने तेवढी एक नोंद बदलून तिथे स्वतःचा माणूस उभा केला की पुरे. घरातल्या एकाही फोनला हात न लावता सगळ्यांना चुकीच्या गल्लीत पाठवता येतं.

‘डीएनएसचेंजर’ हे याचं मोठं उदाहरण. एस्टोनियातल्या एका टोळीने या मालवेअरद्वारे १०० हून अधिक देशांतल्या सुमारे ४० लाख संगणकांची डीएनएस नोंद बदलली होती. ते संगणकावर बसायचंच, शिवाय कारखान्यातला पासवर्ड तसाच असलेल्या राउटरमध्येही शिरून तिथली नोंद बदलायचं. नोव्हेंबर २०११ मध्ये टोळी पकडली गेली, पण तपास यंत्रणांसमोर वेगळाच पेच उभा राहिला. टोळीचे सर्व्हर तडकाफडकी बंद केले असते, तर त्या लाखो लोकांना रस्ता सांगणारं कुणीच उरलं नसतं. त्यांच्यापुरतं इंटरनेटच बंद पडलं असतं. म्हणून न्यायालयाच्या परवानगीने त्या जागी चांगले सर्व्हर बसवले गेले आणि ते ९ जुलै २०१२ पर्यंत चालवले. गुन्हेगार पकडले गेले तरी राउटरमधली नोंद आपोआप दुरुस्त होत नाही. ती ज्याची त्यानेच बदलावी लागते.

पण थांबा, दोष खरंच राउटरचा आहे का?

माझा अनुभव असा, की ‘राउटरमध्ये व्हायरस’ म्हणून आलेल्या तक्रारींत राउटर बहुतेकदा निर्दोष निघतो. म्हणून रिसेटच्या बटणाला हात लावण्याआधी दहा मिनिटं तपासाला द्या.

मावशीचा फोन आला होता. “अरे, बँकेचं पान उघडलं की लाल अक्षरात इशारा येतोय. ‘पुढे जा’ असंही लिहिलंय. दाबू का?”

“नको, काहीच दाबू नकोस. आधी वायफाय बंद कर, मोबाइल डेटा चालू कर, आणि परत उघड.”

थोड्या वेळाने ती म्हणाली, “तरीही येतोय.”

“काकांच्या फोनवर? वायफायवरच ठेवून बघ.”

“त्यांच्या फोनवर नीट उघडतंय.”

एवढ्यावरून राउटर सुटला. वायफायवरून आलेला दुसरा फोन ठीक होता आणि पहिला फोन वायफाय सोडूनही बिघडलेलाच होता. मावशीच्या फोनची तारीख दीड वर्ष मागे गेली होती. साइटच्या ओळखपत्राला वैधतेची मुदत असते. फोनमधली तारीख चुकली की ते ओळखपत्र त्याला अवैध दिसतं. तारीख दुरुस्त केली, इशारा गेला.

तपासाची किल्ली हीच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. त्रास एकाच यंत्रावर असेल, तर त्या यंत्राकडे बघा. ब्राउझरमध्ये नकळत टाकलेलं एखादं एक्स्टेंशन, म्हणजे जोड-सॉफ्टवेअर, किंवा कुठल्याशा साइटला ‘सूचना पाठवू दे’ म्हणून दिलेली परवानगी, ही नेहमीची कारणं. ‘तुमच्या फोनमध्ये ७ व्हायरस सापडले’ असे संदेश बहुधा त्या परवानगीतूनच येतात. त्रास घरातल्या सगळ्या यंत्रांवर, फक्त वायफायवर असताना येतो आणि मोबाइल डेटावर जातो, असं असेल तर संशय राउटरवर किंवा इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीवर. आणि त्रास एकाच साइटवर, सगळीकडून येत असेल, तर बहुधा ती साइटच बिघडलेली आहे.

नेट मंद आहे, एवढ्यावरून मालवेअर म्हणू नका. शेजारच्या वायफायांची गर्दी, मधल्या भिंती, मागे चाललेलं फोटोंचं बॅकअप ही कारणं कितीतरी जास्त वेळा सापडतात. राउटरला तारेने लॅपटॉप जोडून वेग मोजा. तारेवर वेग चांगला आणि वायफायवर वाईट असेल, तर प्रश्न लहरींचा आहे. दिवे रात्रभर लुकलुकतात यातही वावगं काही नाही. आपण झोपलो तरी फोन आणि टीव्ही आपापले अपडेट उतरवतच असतात. ‘मी रोबो नाही’ हे वारंवार सिद्ध करावं लागणं ही मात्र मधली खूण आहे. तुमच्या पत्त्यावरून कुणी गैरवाहतूक करत असेल तर असं होतं. पण अनेक इंटरनेट कंपन्या शेकडो ग्राहकांना एकच सार्वजनिक पत्ता वाटून देतात, त्यामुळे ते दुसऱ्या कुणाचं पापही असू शकतं. एकट्या या खुणेवरून निष्कर्ष काढू नका.

आणि ‘तुमचा राउटर संक्रमित आहे, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा’ असं पान उघडलं, तर ते पान हीच फसवणूक. ब्राउझरमध्ये असं अचानक उघडलेल्या पानाला तुमच्या राउटरमधलं मालवेअर शोधता येत नाही.

राउटरच्या आत डोकावताना

संशय टिकला, तर आता राउटरचं सेटिंग्जचं पान उघडा. ब्राउझरच्या पत्त्याच्या जागी बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाकावं लागतं. टाइप करताना अर्थात इंग्रजी अंक. नक्की पत्ता राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर असतो.

इथे विचारला जाणारा पासवर्ड वायफायचा नव्हे. ही गफलत इतकी सर्रास होते, की थोडं थांबून सांगतो. वायफायचा पासवर्ड ही घरात यायची किल्ली. ती पाहुण्यांनाही दिली जाते. सेटिंग्जचा, म्हणजे अ‍ॅडमिन पासवर्ड ही घराची कुलुपंच बदलण्याची मुभा. पुष्कळ घरांत पहिली किल्ली नीट जपलेली असते आणि दुसरी कारखान्यातून आली तशीच दाराला लटकत असते. तुमचा अ‍ॅडमिन पासवर्ड कधी बदललाच नसेल, तर संशयाला बळ येतं. तुम्ही बदललेला असून तो आता चालत नसेल, तर आणखीच.

आत गेल्यावर आधी डीएनएसच्या नोंदी बघा. त्या दोन ठिकाणी असू शकतात, आणि लोक एकच पाहून परततात. एक ‘इंटरनेट’ किंवा ‘वॅन’ या भागात: राउटर स्वतः कुणाला विचारतो. दुसरी ‘लॅन’ किंवा ‘डीएचसीपी’ या भागात: घरातल्या यंत्रांना कुणाला विचारायला सांगितलं जातं. दोन्हीकडे ‘पहिला’ आणि ‘दुसरा’ असे दोन-दोन रकाने असतात. तिथे ‘आपोआप’ असेल तर पत्ते इंटरनेट कंपनीकडून येतात. ८.८.८.८ आणि ८.८.४.४ गुगलचे, १.१.१.१ क्लाउडफ्लेअरचा, ९.९.९.९ क्वाड९चा, हे सार्वजनिक आणि ओळखीचे. फोनमध्ये डीएनएस म्हणून राउटरचाच पत्ता दिसला, तर तेही ठीक. फोन राउटरला विचारतो आणि राउटर पुढे. पण तुम्ही कधी न भरलेला, कंपनीलाही अनोळखी असा पत्ता तिथे असेल, तर चोर सापडला म्हणायला हरकत नाही. दुसऱ्या रकान्यात ओळखीचा आकडा दिसला म्हणून पहिला नजरेआड करू नका. पडद्याचा फोटो काढून ठेवा आणि कंपनीच्या मदत कक्षाला विचारा, “हे पत्ते तुमचे आहेत का?”

मग ‘रिमोट मॅनेजमेंट’ बघा, म्हणजे बाहेरच्या जगातून राउटरची सेटिंग्ज बदलण्याची सोय. घरगुती वापरात ती क्वचितच लागते. तुम्ही सुरू केलेली नसताना ती सुरू असेल, तर गंभीर बाब. ‘पोर्ट फॉरवर्डिंग’मध्ये, म्हणजे बाहेरून आत येण्यासाठी उघडलेल्या क्रमांकाच्या दारांच्या (पोर्टच्या) यादीत, तुम्ही न केलेल्या नोंदी आहेत का, टेलनेट किंवा एसएसएच या दुरून हुकूम देण्याच्या सोयी चालू आहेत का, एखादं जास्तीचं अ‍ॅडमिन खातं आहे का, हेही पाहून घ्या.

जोडलेल्या यंत्रांच्या यादीत अनोळखी नाव दिसलं की माणसं दचकतात. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायसाठी वेगळा, बनावट ओळख क्रमांक वापरतात, त्यामुळे स्वतःचाच फोन परका दिसू शकतो. घरातलं एकेक यंत्र वायफायवरून काढा आणि यादीतलं कोणतं नाव गायब होतं ते पाहा. सगळं काढूनही एखादं उरलंच, तर तो बहुधा बाहेरचा.

‘पण साइटवर कुलूप दिसतं, मग भीती कसली?’

आक्षेप रास्त आहे. ज्या साइटचा पत्ता एचटीटीपीएसने सुरू होतो, तिथे ब्राउझर साइटचं ओळखपत्र तपासतो. खोट्या डीएनएसने तुम्हाला बँकेच्या नकली पानावर नेलं, तरी नकली पानाकडे बँकेचं खरं ओळखपत्र नसतं, आणि ब्राउझर मोठा इशारा देतो. मावशीला दिसला तसाच. तिच्या बाबतीत कारण निरुपद्रवी होतं, पण ‘दाबू का?’ विचारायला ती थांबली, हे अगदी योग्य केलं. तो इशारा ओलांडून पुढे गेलं की संरक्षण संपलं.

मात्र हल्लेखोरांनी यातूनही वाट काढली आहे. मार्च २०२० मध्ये लिंक्सिस आणि डी-लिंकच्या काही राउटरमधलं डीएनएस बदललं गेलं आणि लोकांच्या संगणकावर एक संदेश झळकू लागला: जागतिक आरोग्य संघटनेचं कोरोनाची माहिती देणारं अ‍ॅप उतरवा. अ‍ॅप नकली होतं, पासवर्ड चोरणारं. बँकेचं पान नकली करण्याची गरजच पडली नाही. भेदरलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने चोर घरात घेतला. कुलूप तुमचं आणि साइटचं संभाषण झाकतं. तुम्ही काय उतरवता, यावर त्याचा ताबा नाही.

फोनमधलं अँटिव्हायरसही इथे कामाचं नाही. ते ज्या यंत्रावर आहे त्याच्याच फाइली तपासतं. राउटरच्या वहीत त्याला डोकावता येत नाही.

बंद-चालू केलं की झालं ना?

पाटी आणि वही आठवा. मिराईसारखं मालवेअर फक्त पाटीवर लिहितं, त्यामुळे वीज बंद केली की ते खरोखर पुसलं जातं. पण दार उघडंच असेल, तर ठोठावत फिरणारं सॉफ्टवेअर काही मिनिटांत परत येतं. गेलं कुणीच नाही, क्षणभर बाहेर थांबलं एवढंच.

मे २०१८ मध्ये ‘व्हीपीएनफिल्टर’ उघडकीला आलं, तेव्हा सिस्कोच्या टॅलोस या संशोधक गटाने किमान ५४ देशांतली किमान ५ लाख यंत्रं बाधित असल्याचा अंदाज दिला. एफबीआयने लोकांना राउटर बंद-चालू करायला सांगितलं आणि तेव्हापासून हा घरगुती उपाय रामबाण समजला जाऊ लागला. खरी गोष्ट अशी, की व्हीपीएनफिल्टरचे तीन टप्पे होते. दुसरा आणि तिसरा पाटीवर, म्हणून बंद-चालू केल्यावर जात. पहिला वहीत, तो टिकून राही. उरलेले भाग पुन्हा कुठून आणायचे हे तो इंटरनेटवर ठेवलेल्या छायाचित्रांमधून शोधायचा: छायाचित्राबरोबर साठवलेल्या अक्षांश-रेखांशांच्या आकड्यांत सर्व्हरचा पत्ता दडवलेला असे. ती वाट बंद झाली तर एक राखीव वेबपत्ता होता, आणि तो एफबीआयने ताब्यात घेतला होता. म्हणजे त्या बंद-चालू करण्यामागे पुष्कळ तयारी होती. ती नसेल तेव्हा हा उपाय तात्पुरताच.

मग फर्मवेअर अपडेट? तोही एकटा पुरत नाही. मे २०२५ मध्ये ग्रेनॉइज या कंपनीने जाहीर केलेल्या प्रकरणात आसुसचे सुमारे ९ हजार राउटर असे सापडले, की त्यांत मालवेअर टाकलेलंच नव्हतं. हल्लेखोरांनी राउटरचीच अधिकृत सोय वापरून एसएसएचचं दार ५३२८२ या पोर्टवर उघडलं आणि तिथे आपली किल्ली नोंदवून ठेवली. ही नोंद वहीच्या त्या शेवटच्या पानांवर होती. अपडेटने पुढची पानं नवी होतात. शेवटची तशीच राहतात, कारण आपल्यालाही आपलं वायफायचं नाव अपडेटनंतर जागेवर हवं असतं. तिथे फॅक्टरी रिसेटच, म्हणजे राउटर कारखान्यातून आला तसा करणंच, लागतं.

सफाई, तिच्या क्रमाने

सुरुवात तयारीपासून. संशयित वायफाय सोडून मोबाइल डेटावर या आणि राउटर बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत साइटवरून तुमच्या नेमक्या मॉडेलचं ताजं फर्मवेअर उतरवा. मॉडेलबरोबर आवृत्तीचा क्रमांकही तळाच्या कागदावर असतो. तो जुळलाच पाहिजे, नाहीतर राउटर कायमचा बंद पडू शकतो. इंटरनेट कंपनीने दिलेलं वापरकर्ता नाव आणि पासवर्ड लागतात का, तेही आत्ताच विचारून लिहून ठेवा, नाहीतर रिसेटनंतर नेट सुरूच होणार नाही.

आता बाहेरून येणारी इंटरनेटची तार काढा. क्रमातली ही सर्वांत महत्त्वाची पायरी आणि हीच वगळली जाते. रिसेट झालेला राउटर पुन्हा कारखान्यातल्या पासवर्डवर येतो, म्हणजे काही काळ तो आधीपेक्षाही उघडा असतो. तो काळ त्याने बाहेरच्या जगापासून तुटलेल्या अवस्थेत काढायला हवा.

मग मागचं बारीक भोक शोधा आणि सरळ केलेल्या कागदी क्लिपने आतलं बटण दाबून धरा. मॉडेलनुसार १० ते ३० सेकंद लागतात. सगळे दिवे एकदम विझून पुन्हा लागले की समजायचं. नुसतं टोचून सोडलं तर कित्येक राउटर फक्त बंद-चालू होतात. लॅपटॉप तारेने जोडा, आत जा, उतरवलेलं फर्मवेअर चढवा. ते चढत असताना वीज जाता कामा नये. फर्मवेअर आधीच ताजं असेल तरी पुन्हा चढवायला हरकत नाही; वहीची पुढची पानं नव्याने लिहिली जातात.

त्यानंतर नवा, लांब अ‍ॅडमिन पासवर्ड, जो आणखी कुठेही वापरलेला नाही. वायफायचा पासवर्डही नवा, सुरक्षा डब्ल्यूपीए३ किंवा निदान डब्ल्यूपीए२. रिमोट मॅनेजमेंट बंद, बटण दाबून जोडणारं डब्ल्यूपीएस बंद, आणि यंत्रांना परस्पर दारं उघडू देणारं यूपीएनपीही बंद. ऑनलाइन गेम किंवा कॅमेरा अडला तर विचार करून पुन्हा सुरू करता येईल. सेटिंग्जचा जुना बॅकअप मात्र परत चढवू नका. तो झटपट मार्ग वाटतो, पण शेवटची पानं जशीच्या तशी परत आणतो, चोराच्या नोंदींसकट. सगळं हाताने भरा.

आणि एवढं झाल्यावरच तार जोडा.

कंपनीने दिलेला राउटर असेल तर

तिथे तुमच्या हाती सगळं नसतं. इंटरनेट कंपन्या आपले राउटर दुरून सांभाळतात आणि त्यासाठी एक खास दार ठेवतात. नोव्हेंबर २०१६ मध्ये त्याच प्रकारच्या दारावर, ७५४७ या पोर्टवर, मिराईच्या एका नव्या अवताराने धडका दिल्या, तेव्हा जर्मनीत डॉइच टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांच्या जोडण्या कोलमडल्या. त्या ग्राहकांनी कितीही चांगला पासवर्ड ठेवला असता तरी फरक पडला नसता. म्हणून अशा राउटरबाबत तक्रार नोंदवा, दिसलेल्या डीएनएस नोंदींचा फोटो द्या, आणि फर्मवेअर शेवटचं कधी बदललं हे स्पष्ट विचारा. समाधानकारक उत्तर मिळालं नाही, तर राउटर बदलून मागा. हा ग्राहकाचा हट्ट नाही.

राउटर बदलायचाच कधी?

बनवणाऱ्या कंपनीने ज्या मॉडेलला अपडेट देणं थांबवलंय, ते स्वच्छ करण्यात फारसा अर्थ नाही. त्यात सापडलेलं भोक कुणीही बुजवणार नाही आणि ते कुठे आहे हे हल्लेखोरांना ठाऊक असतं. एनीप्रॉक्सीच्या यादीत असेच म्हातारे राउटर होते. राउटर नीट चालतोय म्हणून तो सुरक्षित आहे असं नाही. तो बंद पडेपर्यंत वापरण्याची आपली सवय इथे घात करते. कंपनीच्या साइटवर मॉडेलच्या शेवटच्या फर्मवेअरची तारीख बघा. ती कैक वर्षांपूर्वीची असेल, तर रिसेटवर घालवायचा वेळ नव्या राउटरच्या शोधात घाला.

तरीही परत आलंच तर

सगळं क्रमाने करूनही चार दिवसांत डीएनएसची नोंद पुन्हा बदललेली दिसली, तर चोर बाहेरून येत नसून घरातच आहे, असं समजा. मालवेअर असलेला एखादा संगणक आतून राउटरचे पासवर्ड चाचपून पाहू शकतो. काही घातक पानं तर तुमच्या ब्राउझरकडूनच राउटरला हुकूम पाठवून घेतात; रिमोट मॅनेजमेंट बंद असलं तरी, कारण हुकूम आतून येतो. म्हणून अ‍ॅडमिन पासवर्ड कच्चा ठेवून भागत नाही, आणि काम झाल्यावर सेटिंग्जच्या पानावरून लॉग आउट करायला विसरायचं नाही.

अशा वेळी राउटर पुन्हा साफ करा, पण यंत्रं एकेक करून जोडा. आधी एक फोन, दोन दिवस. नोंदी जागेवर आहेत ना ते पाहून मग लॅपटॉप, मग टीव्ही, मग कॅमेरा. ज्याच्या येण्यानंतर आकडा बदलला, ते यंत्र उचलून बाजूला ठेवा आणि त्याची सफाई करा. आणि बँकेचे, ईमेलचे पासवर्ड बदलायचे तर ते या सगळ्यानंतर, स्वच्छ ठरलेल्या यंत्रावरून. ईमेलचा सर्वांत आधी, कारण बाकीच्या खात्यांचे नवे पासवर्ड मागवायचे दुवे तिथेच येतात.